रविवारची विहीर

इझाबेलची जीभ अख्ख्या आळीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे ती कुणालाही काहीही सुनवायची, मग समोर सरपंच असो की खुद्द फादर. दुसरं म्हणजे विहिरीच्या पाण्याचा एक घोट घेतला की ती सांगायची, पाणी अजून गोड आहे की मिठाला लागलंय. पहिलीला लोक घाबरायचे, दुसरीला मानायचे. त्या उन्हाळ्यात दोन्ही एकदमच कामाला लागल्या, आणि मग काय विचारता!

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण नुकताच होऊन गेला होता. सोमवारी सकाळी इझाबेल कळशी घेऊन विहिरीवर आली, सवयीनं आत वाकली, आणि तिथंच थबकली. विहिरीच्या आतल्या अंगाला, एका दगडावर, विहीर खणणाऱ्या पूर्वजानं क्रूस कोरून ठेवला होता. आदल्या दिवशी विहिरीला सुट्टी असायची, त्यामुळे सोमवारी पाणी त्या क्रूसाच्या पायाला टेकलेलंच असायचं. आज क्रूस सगळाच्या सगळा उघडा होता, आणि खालचे दोन दगडही. दगड ओले होते. म्हणजे पाणी नुकतंच खाली गेलं होतं.

"पाणी कुठं तरी मुरतंय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिची नजर आपोआप कुंपणापलीकडे सॅन्टनच्या घराकडे गेली.

विहीर दोघांची होती. इझाबेलचा नवरा ज्युलियस आणि सॅन्टन हे चुलतभाऊ. सॅन्टन थोरला. वाडी वाटली गेली, झाडं वाटली गेली, पण विहीर काही कापता येत नाही. मग वाडवडिलांनी पाळ्या लावून दिल्या: सोमवार ते बुधवार ज्युलियसच्या, गुरुवार ते शनिवार सॅन्टनच्या. आणि रविवार विहिरीचा. रविवारी प्यायला घागरभर घ्यावं, पण शिंपण्यासाठी थेंबही उपसायचा नाही. देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, मग विहिरीनं का घेऊ नये? रहाट होता तेव्हा हा नियम पाळला गेला, विजेचे पंप आले तरीही पाळला गेला.

आणि विहीर होतीही तशी लाडाची. काठावर बकुळ होती, तिची फुलं दिवसभर पाण्यात पडायची. फांद्यांना सुगरणींची घरटी लोंबायची, खंड्या येऊन काठावर बसायचा. तळाशी इझाबेलच्या सासऱ्यानं आवळ्याचे ओंडके टाकले होते, आणि दर वर्षी पाऊस सरला की दोन्ही घरं मिळून आवळ्याची एक ताजी फांदी आत सोडत. म्हणून त्या पाण्याची चव न्यारीच होती. पिऊन झाल्यावर जीभ मागाहून गोड व्हायची, आवळा खाऊन पाणी प्यावं तशी. पाहुणे मुद्दाम दुसरा तांब्या मागायचे.

इझाबेलचा सगळा जीव त्या पाण्यावर होता. केळी, पानवेल, मोगरा, परसात अळू आणि वांगी, सगळं ती जुन्या रीतीनं पिकवायची. शेण, राख, बावखळाचा, म्हणजे वाडीतल्या तळ्याचा, गाळ आणि सुक्या मासळीचा कुटा, एवढंच तिच्या वाडीचं खाणं. सरकारी माणूस पांढऱ्या खताची गोण घेऊन आला होता तेव्हा तिनं त्याला चहा पाजला, गोण मात्र त्याच्याच सायकलला परत बांधून दिली. "माझी केळी ताटात जेवतात, बाटलीतून पीत नाहीत," असं वर ऐकवलंही.

पण समुद्र काही लांब नव्हता. जमिनीखालून तो सारखा आत यायला टपलेला असतो. गोडं पाणी जोवर भरलेलं, तोवर ते त्याला रेटून धरतं. उपसा जास्त झाला की खारं पाणी आत घुसतं, आणि एकदा घुसलं की निघायचं नाव घेत नाही. समुद्राच्या अंगाच्या दोन वाड्या अशाच गेल्या होत्या. तिथल्या विहिरींत आता कपडेही कुणी धुवत नव्हतं, आणि पानवेलींच्या जागी नुसते वाळके बांबू उभे होते. 

त्या सोमवारी तिनं ओंजळीत पाणी घेऊन घोट घेतला. आधी गोडवा आला. मग, अगदी मागून, जिभेच्या टोकाला काहीतरी चुरचुरलं. तिनं पाणी थुंकलं, आणि पुन्हा घोट घेतला.

मीठ होतं.

घरी येऊन तिनं कळशी आदळली. ज्युलियस ओट्यावर बसून केळीच्या सोपटाचे, म्हणजे वाळल्या सालीचे, दोर वळत होता. साधा, गरीब माणूस. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

"अहो, ऐकलंत का? विहिरीतून कुणीतरी रविवारी पाणी ओढतंय."

ज्युलियसचे हात थांबले. "कशावरून?"

"क्रूस उघडा पडलाय, यावरून! आणि कुणीतरी म्हणजे कोण ते मी सांगायला नको. सॅन्टनभावजींनी गेल्या वर्षी केळीला पांढरं खत घातलं. त्या खतानं झाड दारुड्यासारखं होतं, किती पाजलं तरी पुरत नाही. तीन दिवसांत भागत नसेल, मग चौथा चोरायचा!"

"असेलही बाई," ज्युलियस म्हणाला आणि दोर वळू लागला. "सोड ना. उन्हाळा आहे, पाणी उतरणारच."

"सोडू? वाडी सोडू की जीव सोडू?"

त्यानं पुढचं सोपट उचललं.

आता संशय म्हणजे काय, एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा ओट्यावर थांबत नाही, थेट चुलीपाशी येतो. इझाबेलनं हिशेब मांडला. रविवारी चर्चमध्ये पहाटेची मिस्सा आणि मोठी मिस्सा अशा दोन मिस्सा. मोठ्या मिस्साला सगळी आळी जाते. सॅन्टनची बायको लुसीही जाते, इझाबेलच्याच बाकावर बसते. सॅन्टन तेवढा पहाटेच्या मिस्साला जातो, आणि मग मोठ्या मिस्साच्या वेळी कुठं असतो? विचारलं तर म्हणतो, अर्नाळ्याला कुटा आणायला गेलो होतो. रविवारी कोण कुटा आणतं हो?

कुणी म्हणेल, मग बाईनं एक रविवार घरी बसून बघायचं होतं. पण इझाबेल गायनमंडळात पहिल्या ओळीत होती, तिच्या आवाजाशिवाय मोठी मिस्सा सुरूच होत नाही अशी तिची पक्की समजूत. आणि घरी राखणीला ज्युलियस होताच की! गुडघा दुखतो म्हणून वर्षाच्या सुरुवातीपासून तोही पहाटेच्याच मिस्साला जात होता.

"तुम्हाला कुणी दिसलं नाही का हो?" ती दर रविवारी येऊन विचारायची.

"मी इथंच ओट्यावर होतो. कुणीच नाही."

"तुम्हाला काय दिसणार! डोळे मिटून पेपर वाचणारे तुम्ही."

मग एका रविवारी तिनं सापळा लावला. मिस्साला निघताना सॅन्टनच्या पंपघराच्या कडीला सोपटाचा बारीक धागा गुंडाळून गेली. कडी उघडली तर धागा तुटणार. मिस्साहून आली ती साडी न बदलता थेट तिकडे. धागा जागेवर होता. शाबूत! आणि विहिरीतलं पाणी मात्र आणखी खाली गेलं होतं. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, चला, माझंच चुकलं. इझाबेल म्हणाली, "अस्सं! म्हणजे धागा ओळखला मेल्यानं. पुन्हा गुंडाळून ठेवला."

त्याच दिवशी मागच्या गल्लीत तिला रुंद चाकांच्या खुणा दिसल्या, आणि मोगऱ्याच्या वाफ्याशी डिझेलचा वास आला. मोगऱ्याला डिझेलचा वास! तिनं ज्युलियसला ओढत नेऊन दाखवलं. तो खुणांकडे बराच वेळ बघत राहिला.

"सॅन्टनकडे लग्न आहे ना," तो म्हणाला. "मांडवाचं सामान आलं असेल टेम्पोनं."

"मग! म्हणजे सामान आलं तेव्हा भावजी घरीच होते. अर्नाळ्याला नव्हते. सापडले की नाही?"

ज्युलियसनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिनं पाहिलंच नाही.

सॅन्टनकडे खरंच लग्न होतं. त्याची धाकटी, रोझलीन, सोमवारी नवरी होणार होती. हिला इझाबेलनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. दोन घरांत भिंत होती, पण लेकी दोन्ही घरच्या. इझाबेलची सेलिन लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेली तेव्हा रोझलीन तीन दिवस जेवली नव्हती.

आमच्याकडे लग्नाआधी उंबराचं पाणी आणतात. नवरीला लग्नाच्या सकाळी जे पाणी घालायचं, ते घरच्या विहिरीवरून वाजतगाजत आणायचं. बायका नऊवारी नेसून, डोक्यावर फुलांनी सजवलेल्या कळशा घेऊन निघतात, पुढं बँड. शनिवारी संध्याकाळी लुसी अशीच निघाली. कुंपण ओलांडून विहिरीपाशी येते तर काय, इझाबेल काठावर उभी, हात कमरेवर.

"या, या," ती म्हणाली. "वाजवत या. रविवारी गुपचूप नेता, आज निदान बँड तरी लावलात!"

क्लॅरिनेटवाला मध्येच थांबला. लुसीला आधी वाटलं थट्टा आहे. ती हसली. मग तिनं इझाबेलचं तोंड पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"काय बोलतेस इझाबेल?"

"विहिरीत वाकून बघ, मग कळेल. क्रूस उघडा पडलाय तुमच्या पापानं. पांढऱ्या खताची केळी पोसायला देवाचा दिवस चोरलात. आता त्याच विहिरीचं पाणी पोरीच्या डोक्यावर घालणार?"

गर्दीतून सॅन्टन पुढं आला. उंच, काळा, पांढऱ्या मिश्यांचा माणूस. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. "प्रभूची शपथ घेऊन सांगतो, रविवारी मी या विहिरीतून तांब्याभरही घेतलेलं नाही."

"चोर कधी शपथेला घाबरलाय?"

 लोकांनी ज्युलियसकडे पाहिलं. तो आपल्या पंपघराच्या दाराशी उभा होता. सॅन्टनही त्याच्याकडेच बघत होता. भावानं एक शब्द बोलावा, एवढंच त्याला हवं होतं. ज्युलियस आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

लुसीनं डोक्यावरची कळशी उतरवली, काखेत धरली आणि वळली. मागं सगळ्या बायका वळल्या. उंबराचं पाणी त्यांनी दुसऱ्या आळीतल्या विहिरीवरून आणलं. येताना वाजलेला बँड परत जाताना वाजला नाही. इझाबेलला त्या रात्री वाटलं की आपण जिंकलो. तरी ताट तसंच ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आळीत तोंड दाखवायची इच्छा नव्हती, म्हणून तिनं मोठी मिस्सा चुकवायची ठरवली. पहाटेची मिस्सा करून सेलिनकडे जाते म्हणाली. सेलिनला सातवा लागला होता, तिला फणसाचे गरे, अळू आणि चार वांगी न्यायची होती.

"नेमकं आजच?" ज्युलियस म्हणाला. "उन्हाचं कशाला? बुधवारी जा."

"आज का नको?"

"नको असं नाही," तो म्हणाला, आणि गुडघा चोळू लागला.

सेलिन तुळिंजला राहायची, नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. नवी बिल्डिंग, गुळगुळीत लादी, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीची खिडकी. झाड म्हणून औषधाला नाही. सेलिननं डब्यात मोगऱ्याचं एक रोप लावलं होतं, तेवढाच काय तो हिरवा रंग. आईला बघून ती हरखली, आणि आधी पाणी घेऊन आली.

"पाण्याचे हाल संपले का गं?" इझाबेलनं विचारलं. नाताळात सेलिन माहेरी आली होती तेव्हा रडली होती, नळाला थेंब नाही, तीन जिने बादल्या चढवते म्हणून. इझाबेलनं तेव्हा तिला ऐकवलं होतं की आम्ही तुझ्या वयाच्या असताना रहाट ओढायचो. आणि विसरून गेली होती.

"संपले गं! आता टँकर येतो दर रविवारी. सगळ्या बिल्डिंगी रांगेत थांबतात, पण आमची टाकी पहिली भरतो. काय पुण्य केलं होतं कोण जाणे. आणि पाणी कसं आहे ते पी ना."

इझाबेलनं घोट घेतला.

आधी थंडावा आला. मग जीभ मागाहून गोड झाली. आणि मग, अगदी टोकाला, बारीकशी चुरचुर.

तिनं आणखी एक घोट घेतला. "हे पाणी..."

"गोड आहे ना? आपल्या घरच्यासारखं! आणि गंमत माहीत आहे, कधीकधी पिंपात फुलं निघतात. बघ." सेलिननं खिडकीतली बशी उचलून आणली. बशीत पाचसहा बकुळीची फुलं होती, भिजून तपकिरी झालेली. "मी वाळवून ठेवते. वास घेतला की तू आल्यासारखं वाटतं."

खाली हॉर्न वाजला. "आला बघ टँकर," सेलिन म्हणाली. इझाबेल उठली आणि जिना उतरू लागली. गुडघे तिचेही दुखत होते, पण त्या क्षणी तिला ते आठवले नाहीत.

टँकरवाला बिल्डिंगच्या टाकीत पाइप सोडत होता. मागच्या चाकांना लाल माती चिकटली होती, आणि त्यात मोगऱ्याचं एक पान.

"कुठलं पाणी रे हे?" तिनं विचारलं.

"निर्मळच्या पल्याडचं, मावशी. ज्युलियसशेटची हीर. तसलं पानी अख्ख्या तालुक्यात नाय."

"तुझं नाव काय?"

"श्रीपत."

"किती पैसे घेतो तुझा शेट?"

"पैशाचा वेव्हारच नाय. देवमानूस. त्याची एकच अट, पयली टाकी या बिल्डिंगची. त्याची पोर हाय ना इथं. बाकीच्या दोन फेऱ्या माझ्या." श्रीपत हसला. "आधी एकच बोलला होता. मीच बोललो, शेट, एका फेरीत डिझेल सुटत नाय. त्याला नाय बोलता येत नाय ना."

"हो," इझाबेल म्हणाली. "त्याला नाही बोलता येत नाही."

ती तिथंच टाकीच्या कठड्यावर बसली. पाणी धो धो आत पडत होतं. तिची केळी, तिची पानवेल, सासऱ्याचा आवळा, रोझलीनचं उंबराचं पाणी, सगळं त्या काळ्या टाकीत पडत होतं, आणि वर तिसऱ्या मजल्यावर तिची लेक खिडकीतून हात हलवत होती. चोराला शिव्या द्याव्यात तर त्यानं चोरून दिलं कुणाला? तिच्याच पोटच्या पोरीला. आणि काल ज्याला भर गर्दीत चोर म्हटलं, त्याची निम्मी विहीर इथं आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आपल्याच बाबतीत खरं व्हावं, याची तिला एवढी लाज वाटली की पदर तोंडात कोंबून ती रडली.

मग उठली, वर गेली आणि सेलिनला म्हणाली, "एक कळशी दे. भरून दे."

"पाणी? आई, वसईला पाणी नेतेस?"

"नेते. विचारू नकोस."

तांब्याची कळशी, वर केळीचं पान, त्यावर फडकं घट्ट बांधलेलं. ती मांडीवर घेऊन इझाबेल एस्टीत बसली. कंडक्टरनं वाकून पाहिलं. "काय मावशी, तूप का?"

"पाणी."

"वाडीवाल्यांकडं पाणी? मावशी, उलटी गंगा!" अख्खी गाडी हसली. कुठल्याही दुसऱ्या दिवशी इझाबेलनं त्याला असं काही ऐकवलं असतं की तो पुढच्या थांब्याला उतरला असता. आज तिनं फक्त कळशी आणखी घट्ट धरली. खड्ड्याखड्ड्याला पाणी हिंदकळायचं आणि तिच्या लुगड्यावर सांडायचं, आणि प्रत्येक वेळी ती फडकं पुन्हा आवळायची.

संध्याकाळी ती सॅन्टनच्या मांडवात शिरली तेव्हा माणसं भरलेली होती.  लुसी स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. इझाबेलनं कळशी मांडवाच्या मधोमध ठेवली. काल जे चारचौघांत बोलली ते परत घ्यायचं तर चारचौघांतच घ्यायला हवं होतं.

"भावजी, हे तुमचं पाणी आहे," ती म्हणाली. मागच्या खुर्च्यांनाही ऐकू जाईल असा आवाज तिनं काढला. "आपल्या विहिरीचं. तुळिंजहून आणलंय. रविवारी टँकर लागत होता आमच्या बाजूनं. ज्युलियसनं लावला होता, आमच्या सेलिनसाठी. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसताना बोलले मीच. चोर माझ्या घरात होता आणि मी तुमच्या कडीला धागे बांधत फिरले."

 मग लुसी पुढं आली. फडकं सोडलं, ओंजळभर पाणी घेतलं, प्यायली. 

"आपलंच," ती म्हणाली. आणि मग आत हाक मारली, "रोझलीन! कालचं पाणी झाडाला घाल. उद्याचं पाणी आलंय." इझाबेलकडे तिनं पाहिलं नाही, पण कळशी स्वतः उचलून आत नेली.

सॅन्टन खुर्चीतून उठला नाही. "टँकर बंद झाला तर पोरीचं काय?" त्यानं विचारलं.

"तेच विचारायला आलेय. विचारायला तोंड नाही मला. विहीर निम्मी तुमची."

"निम्मी माझी. काल तूच मला ते विसरायला लावत होतीस." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "शनिवार माझा असतो. माझ्या शनिवारातली दोन पिंपं सेलिनला जातील, बाजाराच्या टेम्पोवर. पोटुशी पोर आहे, तिनं काय केलंय. पण तो टँकर आळीत दिसला तर चाकाची हवा मी स्वतः काढीन. आणि ज्युलियसला सांग, उद्या लग्नाला येऊ नको."

इझाबेलनं मान हलवली. जायला वळली, मग थांबली. "आणि मी?"

"तू ये," सॅन्टन म्हणाला. "तू निदान तोंडावर बोललीस."

घरी ज्युलियस अंधारात बसला होता, दिवा न लावता. त्याला सगळं कळलं होतं. आळीत बातमीला पाय लागत नाहीत.

"एकच फेरी देणार होतो," तो म्हणाला. "नाताळात ती रडली, तू रागावलीस तिच्यावर. माझ्या डोक्यातून जाईना. तुला सांगितलं असतं तर तू देऊ दिलं नसतंस."

"दिलं नसतं," इझाबेल म्हणाली. "खरं आहे. ते मी देवाला सांगेन. पण काल बँड थांबला, भावजी तुमच्याकडे बघत होते, तेव्हा तुम्हाला काय झालं होतं?"

 तिनं दिवा लावला, भात टाकला, दोन ताटं वाढली. ती जेवली, तो नाही.

लग्न झालं. ज्युलियस घरी राहिला, आणि बँड कुंपणावरून ऐकत राहिला. श्रीपतला निरोप गेला. शनिवारी सॅन्टननं दोन पिंपं भरून टेम्पोवर चढवली, एकटाच, ज्युलियस मदतीला आला तर पाठ फिरवून.

आणि पुढचा रविवार उजाडला. मोठ्या मिस्साची पहिली घंटा झाली. आळीतली माणसं नवी लुगडी, इस्त्रीचे सदरे घालून निघाली. इझाबेल मिस्साची साडी नेसली, आणि विहिरीवर जाऊन बसली. पाणी उसंत मिळाल्यासारखं हळूहळू वर सरकत होतं. क्रूसाच्या खालचा एक दगड बुडला होता, पाया अजून कोरडाच होता. तिनं घोट घेऊन पाहिला. चुरचुर होती. ती जाईल की राहील ते पावसापर्यंत कळणार नव्हतं. बकुळीचं एक फूल पडलं आणि जागच्या जागी तरंगत राहिलं.

ज्युलियस लंगडत आला. दुसरी घंटा वाजू लागली होती.

"उशीर होतोय तुला," तो म्हणाला. "गायनवाले थांबले असतील. जा तू. विहिरीपाशी मी आहे ना."

इझाबेलनं त्याच्याकडे पाहिलं. पंचवीसतीस वर्षांचा संसार, कधी आवाज न चढवलेला माणूस.

"तुम्ही आहात," ती म्हणाली, "म्हणूनच बसलेय."